काउन्सिलचं घर विकत घेताना

इंग्लंडमध्ये तीन वर्षं काउन्सिलचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, भाडेकरू राहिलं की ते घर विकत मागता येतं. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने हा हक्क दिला. स्कॉटलंडने तो २०१६ मध्ये बंद केला, वेल्सने २०१९ मध्ये. लंडनमधल्या आमच्या शेजारीणबाईंनी परवा अर्जाचे कागद माझ्यापुढे ठेवले. त्यांच्यासोबत हिशेबाला बसलो, तेव्हाची ही टिपणं.

*

सवलतीच्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये. फ्लॅटला सुरुवातीलाच ५० टक्के सवलत लिहिलेली असते, पण तिला कमाल मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा भागानुसार १६,००० ते ३८,००० पौंड. लंडनच्या बहुतेक भागांत १६,०००. त्याआधी लंडनमध्ये ती १,३६,४०० होती. बाईंच्या डोक्यात तोच जुना आकडा होता. बाजारभाव साडेतीन लाख धरला, तर आज ३,३४,००० पौंड उभे करावे लागतील.

*

अर्जाला पैसे पडत नाहीत. ते पुढे पडतात: सर्व्हे, सॉलिसिटर, मॉर्गेजची फी, लागू असेल तर स्टॅम्प ड्यूटी. व्यवहार मध्येच सोडला तर तोवरचा खर्च वाया. तरी सर्व्हेत काटकसर नको. भिंतीची ओल, वायरिंग, बॉयलर हे आजवर काउन्सिल बघत होती. उद्यापासून घरातलं सगळं आपल्याला बघायचं.

*

फ्लॅट लीजहोल्डवर, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, मिळतो. छप्पर, जिना, लिफ्ट काउन्सिलच्या ताब्यात राहतात आणि खर्चाचा वाटा आपल्याकडे येतो. मुंबईच्या सोसायटीत मेंटेनन्स, तसा इथे सर्व्हिस चार्ज. फरक हा की तिथे छपराचा विषय सभासदांच्या सभेत येतो. इथे दुरुस्तीत एकेकाचा वाटा २५० पौंडांवर जाणार असेल तर काउन्सिलने आधी विचारायला हवं, पण निर्णय तिचाच. असं बिल हजारो पौंडांचंही येतं.

*

अर्जानंतर काउन्सिलकडून येणाऱ्या विक्रीच्या प्रस्तावात पुढच्या पाच वर्षांतल्या कामांचा अंदाजी खर्च दिलेला असतो. त्या काळात, महागाईची वाढ सोडली तर, त्याहून जास्त आकारता येत नाही. किमतीआधी हे पान वाचावं. सहाव्या वर्षी हे संरक्षण उरत नाही.

*

कमाई थांबली तर भाड्याला सरकारी मदत मिळू शकते. मॉर्गेजच्या हप्त्याला तशी मिळत नाही. व्याजापुरती जी आहे, ती २०१८ पासून कर्जाऊ. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, म्हणून हे त्यांना दोनदा सांगितलं.

*

पाच वर्षांच्या आत विकलं तर सवलत परत करावी लागते. पहिल्या वर्षी सगळी, मग ८०, ६०, ४०, २० टक्के. आणि तीही विक्रीच्या वेळच्या किमतीच्या प्रमाणात.

*

प्रस्ताव हाती आल्यावर उत्तराला बारा आठवडे मिळतात. मॉर्गेजचा हप्ता, सर्व्हिस चार्ज, विमा आणि दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला टाकायची रक्कम यांची बेरीज करा. ती आजच्या भाड्याशेजारी लिहा. ती बेरीज कमाईच्या वाईट महिन्यातही झेपणार असेल, तरच सही करा.