बोवरीच्या कोपऱ्यावरील मळा

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर बोवरी आणि हाउस्टन हे दोन वर्दळीचे रस्ते जेथे मिळतात, त्या कोपऱ्यावर कुंपणाआड एक बाग आहे. आत द्राक्षवेलीचा मांडव आहे, मासे व कासवे असलेले तळे आहे, भाजीपाल्याचे वाफे आहेत आणि डॉन रेडवुड नावाचा एक उंच वृक्ष ह्या सर्वांवर पहारा करीत उभा आहे. आम्हां खेड्यात वाढलेल्या माणसांना वाफ्यांचे व मांडवाचे नवल ते काय? परंतु ह्या जागेचा इतिहास ऐकला, तेव्हा आमची दृष्टी बदलली.

१९७० नंतरच्या दशकात त्या शहराची आर्थिक स्थिती ढासळली. ह्या भागातील कित्येक मालकांनी घरे टाकून दिली, पुष्कळ इमारती जळाल्या आणि मोकळ्या जागांवर विटांचे ढीग व केरकचरा साचला. १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या चित्रकर्तीने शेजाऱ्यांस एकत्र केले. ही मंडळी पडीक जागांच्या कुंपणांवरून बियांच्या पुरचुंड्या आत भिरकावीत. ह्या गनिमी काव्यावरूनच त्यांच्या मंडळाचे नाव 'ग्रीन गरिला' असे पडले. पुढे त्यांनी ही कोपऱ्यावरची जागा साफ केली, देणगीदाखल मिळालेली माती पसरली आणि साठ वाफे बांधले. १९७४ साली नगरपालिकेने दरमहा एक डॉलर भाड्याने जागा दिली. लिझबाईंच्या निधनानंतर, १९८६ साली, बागेस त्यांचे नाव देण्यात आले.

हे लोण शहरभर पसरले. पोर्तो रिको बेटाहून आलेल्या कुटुंबांनी आपल्या बागांत गावाकडच्यासारखी लहान लाकडी घरे उभारली. त्यांस ते 'कासिता', म्हणजे घरकुल, म्हणतात. परमुलुखी गेलेल्या माणसास गावची आठवण अशी मातीतूनच होते!

परंतु श्रम शेजाऱ्यांचे असले तरी जमीन नगरपालिकेची होती. १९९९ साली शंभराहून अधिक बागा लिलावात निघाल्या. लोकांनी मोठा विरोध केला, तेव्हा दोन संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून ११४ बागा सोडविल्या. सर्वच बागा मात्र वाचल्या नाहीत. 'एस्पेरान्झा', म्हणजे आशा, ह्या नावाची एक बाग २००० च्या फेब्रुवारीत बुलडोझरखाली गेली.

वाचकहो, आपलीही मुले पोटासाठी बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा शहरांत जाऊन राहतात. कुदळ कशी धरावी, हे त्यांस शिकवावे लागत नाही. घराशेजारची उकिरड्यासारखी जागा त्यांनी शेजाऱ्यांसह अवश्य फुलवावी. मात्र रोप लावण्यापूर्वी जमीन कोणाची हे विचारावे, परवानगी लेखी घ्यावी आणि पाणी घालण्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात. झाड एका हाताने लागते. ते टिकते पुष्कळ हातांनी, आणि कधी कधी कागदाच्या एका तुकड्याने.