शिफारसपत्र कुणाकडून घ्यावं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, बारावीनंतर परदेशात शिकायला जायचं म्हणणारी मुलं आपल्या कोल्हापुरातही भेटतात. गुणपत्रिकेबरोबर त्यांना शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं दोन शिक्षकांची पत्रं मागतात. मग घरात पहिला प्रश्न निघतो, सही कुणाची घ्यायची?

एका विद्यार्थिनीचे वडील राधानगरीकडून एसटीनं आले आणि म्हणाले, "सर, चेअरमन साहेबांचं लेटरहेड मिळालं तर काम होईल नव्हं?" मी विचारलं, "साहेब पोरीला ओळखतात काय?" ते गप्प झाले.

तिला ओळखत होत्या त्या भौतिकशास्त्राच्या मॅडम. लंबकाच्या प्रयोगात तिचं g चं उत्तर ९.८ ऐवजी ९.३ आलं होतं. बाकीची मुलं आकडे जुळवून मोकळी झाली, हिनं जुळवले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत आली आणि चूक शोधली. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, ती हुकापर्यंतच मोजली होती. वडील म्हणाले, "पण मॅडम तर तासिकेवर हाइत." खरं आहे. पण हे पाहिलं होतं त्यांनीच. पत्र त्यांनी लिहिलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण आठवा. ते एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी, तर कृष्णाजी अर्जुन केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला, त्याला पुस्तकं दिली. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे त्यांनीच शब्द टाकला. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. केळुसकर त्यांच्या शाळेचेसुद्धा नव्हते, पण त्यांनी मुलाला वाचताना पाहिलं होतं.

म्हणून मुलांना सांगा, जास्त मार्क देणारे किंवा मोठ्या पदावरचे सर शोधू नका. तुमची अडखळ आणि धडपड ज्यांनी पाहिली, त्यांच्याकडे जा. शक्यतो अकरावी-बारावीचे शिक्षक निवडा. महिनाभर आधी विचारा. केलेल्या कामाची एक पानभर टिपणं द्या, पण पत्राचा मजकूर स्वतः लिहून नेऊ नका.

अडचण वेगळीच आहे. मूल दोन वर्षं क्लासला जातं आणि कॉलेजात फक्त हजेरीपटावर असतं. मग पत्राची वेळ येते तेव्हा त्याला ओळखणारं कुणीच नसतं. पालकांनो, हा विचार अकरावीच्या प्रवेशावेळीच करा.

आणि आपण शिक्षकांनी? ज्याला ओळखत नाही, त्याला सरळ सांगावं, "बाळा, मी तुझ्याबद्दल दोनच ओळी लिहू शकेन, दुसऱ्या कुणाला विचार." नाही म्हणायला जड जातं. पण 'हुशार, होतकरू, आज्ञाधारक' असं साऱ्यांना एकच पत्र देण्यापेक्षा ते बरं.