तबकडीचा वेग आणि मैफलीची पट्टी

जुनी तबकडी मिनिटाला नेमक्या किती फेऱ्यांनी फिरवावी, हा ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहातला सर्वांत चिवट प्रश्न आहे. बाकीच्या अडचणी सुटतात. सुई बदलता येते, खोबणीतला मळ धुता येतो, वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये ठेवून पुष्कळदा सरळ होते. वेगाचे तसे नाही. ७८ हा आकडा विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झाल्यानंतर हळूहळू रुळला. त्याआधीच्या तबकड्या सत्तरीच्या आसपासपासून ऐंशीच्याही पुढच्या वेगाने कोरलेल्या सापडतात. एकाच कंपनीच्या, एकाच गायकाच्या दोन तबकड्यांतही मेळ नसतो. आणि ७८ वर साडेचार फेऱ्या वाढल्या, की गाणे अर्धा स्वर वर चढते. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. ताना लखलखतात, आवाज कोवळा होतो, आणि ते ऐकायला गोडही वाटते. वेगाचा मोह इथेच आहे.

यंत्राचा वेग मोजणे सोपे आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणाऱ्या निऑन दिव्याखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसली, की फिरकी ७७.९२ फेऱ्यांवर आहे असे समजावे. पण ही चकती आजच्या फिरकीबद्दल बोलते. शंभर वर्षांपूर्वी वजनाच्या ओढीवर फिरणाऱ्या ध्वनिमुद्रण यंत्राबद्दल तिला काही सांगता येत नाही.

वऱ्हाडातल्या जॅझच्या शौकिनाला हा प्रश्न दोन बाजूंनी भेटतो, कारण त्याच्या कपाटात जॅझ आणि हिंदुस्थानी गाणे शेजारी शेजारी असते. अमरावती-अकोल्याकडे जॅझ आला तो मुख्यतः हिंदी चित्रपटाच्या तबकडीवर बसून. लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेट्यांमधून ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांची गाणी वाजत, आणि त्यांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट असत. त्यामागचा धागा विदर्भातूनही जातो. संगीतकार सी. रामचंद्र आणि मूर्तिजापूरला २ मे १९२० रोजी जन्मलेले वसंतराव देशपांडे हे दोघेही नागपूरच्या शंकरराव सप्र्यांकडे शिकले. वसंतरावांनी गळ्याची वाट धरली. रामचंद्रांनी मुंबईत चिक चॉकलेटसारख्या वादकांना जवळ केले. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. ते ‘अलबेला’मध्ये आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा अमेरिकी वाद्यवृंद आला, तेव्हापासून गोव्याच्या वादकांच्या हातांना जे वळण लागले, ते असे फिरत फिरत कापसाच्या मुलखात पोचले. पुढे १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कॉनोव्हरचा रात्रीचा कार्यक्रम लघुलहरींवर लागू लागला. ज्यांच्या घरी चांगला रेडिओ होता त्यांना एलिंग्टन आणि आर्मस्ट्राँग थेट मिळाले, अर्थात खरखरीसकट.

जॅझच्या तबकडीचा वेग ठरवायला आधार सापडतो. फुंकवाद्ये ठरावीक स्वरांत बांधलेली असतात; ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना काळी पाच, काळी दोन, पांढरी चार या पट्ट्या सोयीच्या पडतात. लुई आर्मस्ट्राँगने जून १९२८ मध्ये शिकागोत वाजवलेला ‘वेस्ट एंड ब्लूज’ ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या काळी दोनमध्ये आहे. तबकडी लावल्यावर तो पांढरी तीनमध्ये ऐकू आला तर फिरकी पळते आहे, पांढरी दोनमध्ये आला तर रेंगाळते आहे. आडवळणाच्या पट्टीत कोणी एवढे मोकळे वाजवत नाही. शिवाय बहुधा पियानो सोबत असतो, आणि पियानो गायकाच्या मर्जीने सरकत नाही.

तरीही चूक होते, आणि तीही थोरामोठ्यांच्या कारखान्यात. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे पहिले सत्र २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालले होते. त्यामुळे तबकडीच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना खऱ्यापेक्षा चढ्या स्वरात छापल्या गेल्या, आणि १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून नवी आवृत्ती निघेपर्यंत तशाच विकल्या गेल्या. तेहेतीस वर्षे जगभरचे वादक त्या तबकडीबरोबर वाजवू पाहत होते. जॅझमधली बहुधा सर्वांत जास्त ऐकली गेलेली तबकडी जर चढी असू शकते, तर कलकत्त्यात मेणावर कोरलेल्या ठुमरीवर किती भरवसा ठेवावा?

हिंदुस्थानी गाण्याच्या तबकडीपाशी खरी कसोटी लागते. इथे गायक आपली पट्टी स्वतः ठरवतो. तानपुरा विजेआधीच्या ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्याला बहुधा ऐकूच येत नसे. तबला मंद, सारंगी दूर. पेटी असली तर थोडा आधार मिळतो, पण पेट्यांचे सूरही एकसारखे नव्हते. मध्य सप्तकातला धैवत म्हणजे ए हा स्वर ४३५ वर लावलेली पेटी आणि ४४० वर लावलेली पेटी, एवढ्यानेच तबकडीच्या वेगात जवळपास एका फेरीचा फरक पडतो. काही खुणा मात्र उपयोगी आहेत. फ्रेड गैसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून पुढे बरीच वर्षे गायक शेवटी आपले नाव उच्चारत. गाण्यातला आवाज फसवतो, बोलण्यातला सहसा फसवत नाही. म्हणून आधी शेवटची ओळ ऐकावी, बोलणे माणसासारखे होईपर्यंत वेग हलवावा, आणि मग सुई सुरुवातीला न्यावी. यातही कसर राहते, कारण काही यंत्रांचा वेग तीन मिनिटांच्या आतच बदलत जाई आणि शेवटचा वेग हा सुरुवातीचा वेग नसे.

उरतो एकच भरवशाचा आधार: तो गायक ज्याने समोर बसून ऐकला आहे, त्याचा कान. संग्रह आणि मैफल या दोन वेगळ्या आवडी आहेत, असे मानणाऱ्यांना तबकडी कळलेली नाही. मैफलीत बसलेल्या माणसाला गायकाची पट्टी, त्याच्या श्वासाची लांबी, समेवर येतानाचे वजन हे सगळे शरीरात साठवून घरी नेता येते, आणि नंतर फिरकीचा खिळा त्याच आठवणीवर फिरवता येतो. वसंतरावांच्या बाबतीत हे फार जाणवते. हिशेबखात्यातल्या नोकरीमुळे ते पूर्णवेळ गाण्याकडे उशिरा वळले. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आल्यावर त्यांचे नाव घरोघर झाले आणि ३० जुलै १९८३ ला ते गेले. त्या मधल्या वर्षांतले त्यांचे गाणे मोठ्या प्रमाणावर हौशी लोकांनी स्पूलवर आणि कॅसेटवर धरून ठेवले. सेल उतरलेल्या यंत्रावर घेतलेली कॅसेट ताज्या सेलवर लावली की चढी आणि वेगवान वाजते. वसंतरावांची तान मुळातच इतकी अनपेक्षित ठिकाणी उडी घेते, की ती यंत्राने पळवली की गळ्याने, हे न ऐकलेल्याला सांगता येत नाही. ऐकलेला लगेच सांगतो.

या आधारालाही एक भेग आहे. वय वाढते तशी गायकाची पट्टी खाली येते. साठीतल्या गायकाला ज्याने काळी एकमध्ये ऐकले, त्याने तिशीतली तबकडी त्याच पट्टीत उतरवली तर तो तरुण आवाजाला म्हातारा करतो. उलट कर्ण्यापुढे गाताना मोठ्याने आणि वरच्या पट्टीत गाणे भाग पडे, म्हणून मैफलीची पट्टी आणि तबकडीची पट्टी त्या काळीही वेगळी असू शकते.

जॅझच्या थेट मैफलीसाठी वऱ्हाडाला मुंबईची रात्रगाडी धरावी लागते, अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने तिथे वाजवले. उघड्या आकाशाखाली ऐकलेला टेनर सॅक्सोफोन छातीवर दाब देतो. हा दाब कोणत्याही तबकडीत नाही, आणि तो एकदा कळला की घरच्या तबकडीतले मंद्र स्वर किती ठेवावेत हेही कळते. शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मैफलींना बंद झाले, हे मुंबईचे मोठे नुकसान आहे. आता बहुतेक सभागृहांत ध्वनिवर्धक कलावंतापेक्षा मोठा असतो. अशा मैफलीतून घरी आणलेली आठवण फिरकीच्या कामाला येत नाही, कारण ती वाद्याची नसून खोक्याची आठवण असते.

त्याहून वाईट काम चालते ते जुन्या तबकड्या संगणकात उतरवणाऱ्यांचे. सगळ्या तबकड्या सरसकट ७८ वर लावायच्या, खरखर पुसायची, आणि खरखरीबरोबर व्यंजनेही पुसून टाकायची. अशा नकला वाऱ्यासारख्या पसरतात, आणि नवे विद्यार्थी त्यांच्यावरून गळा बसवतात. खरखर ऐकणाऱ्याचा कान आठवड्याभरात बाजूला करतो. चुकीचा स्वर मात्र कायमचा मनात बसतो. मुंबईत १९९० पासून ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था आहे आणि सुरेश चांदवणकर यांनी तिच्यामार्फत केलेले नोंदींचे काम मोलाचे आहे. गावोगावच्या संग्राहकांकडे नेमक्या अशा नोंदी नसतात. त्याचे कारण गरिबी नाही, गर्व आहे. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे आहे, एवढ्यावर संग्राहक वर्षे काढतो. पाहुण्याला ती अर्धीच ऐकवतो, तबकडीवर कोरलेल्या मॅट्रिक्स क्रमांकावर अंगठा ठेवतो, आणि वेग कसा ठरवला ते सांगत नाही, कारण तेच त्याचे कसब असते. त्याच्याबरोबर ते कसबही जाते.

वऱ्हाडाचा उन्हाळा या गर्वाला जुमानत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की लाखेची तबकडी आडव्या ढिगाऱ्यात दबते आणि विनाइल वाकते. म्हणून तबकड्या उभ्या, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर ठेवाव्या. कूलर खोली थंड करतो पण हवा दमट करतो, आणि कागदी पाकिटांवर बुरशी धरते. कपाट कूलरच्या वाऱ्यात नसावे. पावसाळ्यात वाळवीचे पाहावे.

वयाने कानावरही परिणाम होतो, आणि तो संग्रहातल्या दोन कप्प्यांवर सारखा होत नाही. साठीनंतर ८,००० हर्ट्झच्या वरचे ऐकणे बरेच मंदावते. जॅझच्या लाँगप्लेवरची झांजेची झिलई त्याच पट्ट्यात असते, ती हळूहळू नाहीशी होते आणि ड्रमवाला काठी नुसती लाकडावर मारतो आहे असे वाटू लागते. कर्ण्याच्या काळातल्या तबकडीत मात्र ढोबळमानाने २,५००-३,००० हर्ट्झच्या वर फारसे काही नसतेच, त्यामुळे ती म्हाताऱ्या कानाला पूर्ण ऐकू येते. कित्येक जुने शौकीन उतारवयात जॅझकडून लाखेच्या तबकड्यांकडे वळतात, त्याला हेही कारण असावे. पण दुसरा बदल अधिक घातक आहे. ज्यांना स्वर पट्टीसकट ओळखता येतो, अशा काहींना म्हातारपणी सगळेच स्वर अर्ध्याने चढे ऐकू येऊ लागतात. पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांना उत्तरायुष्यात याचा फार त्रास झाला. असा कान तबकडी हळू करत जातो, आणि आपण बरोबरच केले याची त्याला खात्री असते.

म्हणून वेग कान शाबूत असतानाच लिहून ठेवायचा असतो. पाकिटाच्या आतल्या कडेला मऊ पेन्सिलीने फेऱ्यांचा आकडा, त्या वेगाला मिळणारी पट्टी, ती ज्या स्वरकाट्याशी किंवा पेटीशी ताडली त्याचा सूर, आणि आधार काय घेतला ते: बोललेले नाव, पितळी वाद्य, पियानो की प्रत्यक्ष ऐकलेली मैफल. मैफलीचा आधार असेल तर ती कोणत्या साली ऐकली आणि गायकाचे तेव्हाचे वय काय, हेही लिहावे. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग वेगळा निघाला तर दोन्ही आकडे. शाई वापरू नये, ती दमट हवेत तबकडीवर उतरते.