हात मांडीखाली!

मुलांनो, माझ्या बुद्धिबळाच्या वर्गात कुणी नवं आलं, की आई-बाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गणितात मार्क वाढतील ना?" मी म्हणतो, त्याची हमी नाही बुवा. गणितासाठी गणितंच सोडवावी लागतात!

मग बुद्धिबळ कशाला?

पहिल्या दिवशी मी सांगतो, हात मांडीखाली दाबून बसा. सगळी खिदळतात. पण स्पर्धेचा नियम कडक असतो. खेळायचं म्हणून ज्या मोहऱ्याला हात लावला, ते हलवावंच लागतं. फुकटचं प्यादं दिसतं, घोडा उचलला जातो आणि मग कळतं, की त्याच घोड्याआड आपला वजीर उभा होता! वजीर गेला की डोळे भरतात. हात मांडीखाली असला, तर तो बाहेर काढेपर्यंत एवढं तरी मनात येतं : आता समोरचा काय करील?

हे फक्त लहानांसाठी आहे, असं समजू नका हं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव. गुण सारखे. डाव बरोबरीकडे चाललेला. ५५ व्या चालीला डिंग लिरेननं हत्तींची अदलाबदल देऊ केली आणि तिथंच तो फसला. गंमत म्हणजे, १८ वर्षांच्या गुकेशच्याही ते लगेच लक्षात आलं नव्हतं! तो दुसरीच चाल खेळणार होता, असं त्यानंच नंतर सांगितलं. पण हात पटाकडे जाण्याआधी त्यानं पुन्हा पाहिलं. तीन चालींत डिंगनं डाव सोडला.

आणि हरलात तर? डाव लिहिलेला कागद जपून ठेवा. माझ्या वर्गातली एक मुलगी ओळीनं चार डाव हरली. "आता मी येणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, नको येऊस, पण एकदा ते चार कागद घेऊन ये. आम्ही चारही डाव पुन्हा मांडले. तीन डावांत तिनं किल्लेकोट केलाच नव्हता, राजा आपला मधोमध उघडा! कुणी तिला 'ढ' म्हटलं असतं, तर ती रडली असती. कागदावर स्वतःच शोधल्यावर मात ती चक्क हसली, "सर, तीनदा तेच?"

पुढच्या स्पर्धेत तिनं पाचांपैकी दोन डाव जिंकले. उरलेल्या तिनांचे कागद घेऊन ती शनिवारी येणार आहे.