अबू नुहासची यादी

एक मालवाहू जहाज. बांधणी जर्मनीतल्या ल्युबेक इथे, १९५४ साली. लांबी सुमारे ९८ मीटर. मालक म्हणजे एगॉन ओल्डेनडॉर्फ यांनी १९२१ साली त्याच शहरात सुरू केलेली घरची पेढी. जहाजाचं नाव 'डोरा ओल्डेनडॉर्फ'. आता ते तांबड्या समुद्राच्या तळाशी आहे, सुएझच्या आखाताच्या तोंडावर, अबू नुहास नावाच्या प्रवाळखडकाच्या उत्तर अंगाला. हुरघादाहून बोटी भरून पाणबुडे ते बघायला येतात आणि त्याला 'क्रिसुला के.' म्हणतात. या दोन नावांच्या मधे काय काय गेलं आणि त्याच्या आसपास आणखी काय काय जात आहे, ते लिहून ठेवायचं आहे.

आडनाव

या पेढीत जहाजाला माणसाचं नाव द्यायचे आणि त्यापुढे घराण्याचं आडनाव लावायचे. 'डोरा' १९७० साली विकली गेली. पिरेअसच्या मालकाकडे ती 'ॲना बी.' झाली, १९७९ मध्ये 'क्रिसुला के.'. जहाजाच्या व्यवहारात जुना मालक जहाज देतो, आडनाव देत नाही. नाळेवरची आणि पिछाडीवरची अक्षरं काढायची, धुराड्यावरचे पेढीचे रंग बुजवायचे, नोंदणीच्या बंदराचं नाव बदलायचं, नवा झेंडा चढवायचा. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी जहाज खडकावर चढलं, तेव्हा ल्युबेकच्या घरातून ते जाऊन अकरा वर्षं होत आली होती. 'क्रिसुला के.' बुडाल्याची बातमी वाचून तिथल्या कुणाला 'डोरा' आठवण्याचं कारण नव्हतं. घराला जहाज हरवतं ते विक्रीच्या दिवशी. बुडणं हा नंतरचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातला प्रसंग.

रंगाखालचं नाव

त्याच खडकाशी 'यानिस डी.' पडलेलं आहे. १९६९ साली जपानमध्ये इमाबारीला बांधलं तेव्हा 'शोयो मारू', पुढे 'मार्कोस', शेवटी 'यानिस डी.'. १९ एप्रिल १९८३ रोजी लाकूड घेऊन जाताना आदळलं. धुराड्यावर ग्रीक मालकाचं 'डी' हे अक्षर अजून ओळखता येतं. पण अंगावर 'मार्कोस'ची उठावाची अक्षरंही दिसतात. शेवटचं नाव नुसत्या रंगाचं होतं. रंग आधी जातो, पोलाद मागून.

आकडा

नाव कितीही वेळा बदललं तरी जहाजाला चिकटून राहणारा सात अंकी क्रमांक आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ मध्ये मान्य केला आणि तो १९९६ पासून सक्तीचा झाला. पुढे तो जहाजाच्या अंगावर कायमचा कोरायलाही लावलं. 'क्रिसुला के.' त्याआधीच तळाशी गेली होती. तिच्यासारख्यांचा माग काढायचा तर कारखान्याचा बांधणी क्रमांक धरायचा, लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदपुस्तकाचे वार्षिक खंड घ्यायचे, आणि एकेका खंडात 'पूर्वीचं नाव' बघत वर्षं मागे जायचं. काम किचकट आहे. पाणबुड्यांच्या तोंडी असलेल्या नावावर भरवसा ठेवला तर फसगत होते: 'क्रिसुला के.'लाच पुष्कळ जण 'मार्कस' म्हणत आले, आणि हे नक्की कोणतं यावरून जाणकारांत वाद झाले. इथे चार प्रसिद्ध बुडालेली जहाजं जवळजवळ आहेत. पाण्याखाली पाटी नसते.

घंटा

जहाजावरची पितळी घंटा बहुधा पहिल्या नावाने ओतलेली असते, आणि मालक बदलला तरी पुष्कळदा तीच ठेवतात. शोधणाऱ्याला याहून पक्का पुरावा मिळायचा नाही. आणि पाण्याखालून सगळ्यांत आधी जाते ती हीच वस्तू. मग होकायंत्र, मग गोल खिडक्यांच्या पितळी चौकटी. कुणाच्या तरी दिवाणखान्यात घंटा शोभेला लागते आणि जहाजाचं पहिलं नाव त्या दिवाणखान्यापुरतं उरतं. याला हौस म्हणतात. मला ती चोरी वाटते.

फरशा

'क्रिसुला के.'वर इटलीहून जेद्दाला चाललेल्या फरशा होत्या. जहाज कालवा ओलांडून आलं होतं, अवघड गुबालची सामुद्रधुनी संपत आली होती, आणि भर वेगात खडकावर गेलं. नाळेचा भाग उथळ पाण्यात चेपून विस्कटला, मागचा भाग २६ मीटरांपर्यंत खाली आहे. मधल्या पोटात उतरलं की फरशा दिसतात. वेष्टणं गेली, पण आतला माल रचलेला होता तसाच राहिला: थरावर थर, कडेला कड. वरच्या फरशांवर गाळ आणि शेवाळ. एखादी उलटून बोटाने पुसली की मागे 'मेड इन इटली' हा छाप ठसठशीत निघतो. जहाजाचं नाव दोनदा बदललं नि पुसलं गेलं. फरशीचा छाप भाजलेल्या मातीतला, त्याला मिठाच्या पाण्याने काही केलेलं नाही.

मसूर

या खडकाशी मुंबईचीही एक खोळंबलेली खेप आहे. डिसेंबर १९७८ मध्ये 'किमॉन एम.' नावाचं जहाज तुर्कस्तानातल्या इस्केन्देरूनहून साडेचार हजार टन मसूर घेऊन मुंबईला निघालं होतं, ते इथे आदळलं. हेही जर्मन बांधणीचं, १९५२ सालचं हॅम्बुर्गचं, पहिलं नाव 'ब्रुन्सब्युटल'. पाणबुडे त्याला आजही मसुराचं जहाज म्हणतात.

मुंबईच्या गोदीत तेव्हा धान्य उतरायचं ते माणसांच्या बळावर. डेरिकच्या, म्हणजे जहाजावरच्या यारीच्या, दोरांवर झोळी वर यायची, विंचवाला हाताच्या खुणेवर ती धक्क्यावर सोडायचा, टोळीतली माणसं हुक लावून गोणी ओढायची, टॅली क्लार्क वहीत रेघा मारायचा, आणि खाली सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या बायका बाजूला थांबलेल्या असायच्या. जहाज आठ-आठ दिवस धक्क्याला असायचं, म्हणून खलाशी गावात फिरायचे आणि गोदीबाहेरच्या खाणावळी चालायच्या. कंटेनर आला आणि हे सगळं गेलं. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. मुंबईतली १८८० सालची प्रिन्सेस डॉक आणि १८८८ सालची व्हिक्टोरिया डॉक, दोन्हींतलं पाणी हटवून भराव टाकला गेला. ज्या जहाजाने इथे यायचं होतं ते तळाशी का होईना, जागेवर आहे, आणि ज्या गोद्यांत असली जहाजं लागत त्यांची जमीन झाली. ही गोष्ट मला कितीतरी दिवस डाचते आहे. बुडालेल्या जहाजाबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. बुजलेल्या गोदीबद्दल हळहळणारे गोदी कामगारांच्या घरांतच सापडतील.

बाटल्या

मुंबईची आणखी एक बोट इथे आहे, आणि ती या सगळ्यांची आजी. पी अँड ओ कंपनीची 'कार्नाटिक', शिडं आणि वाफ दोन्हींवर चालणारी. सप्टेंबर १८६९ मध्ये सुएझहून मुंबईला निघाली आणि याच खडकावर आदळली. बोट लगेच बुडाली नाही. कप्तानाने उतारूंना बोटीवरच ठेवलं, दुसरी बोट येईल म्हणून वाट बघितली, आणि दीड दिवसाने ती मधोमध मोडली. ३१ माणसं गेली, त्यांतली २६ बोटीवर काम करणारी. सुएझच्या पूर्वेकडे धावणाऱ्या या कंपनीच्या बोटींवर तेव्हा हिंदी खलाशी आणि गोव्याचे बटलर असत. दोनच महिन्यांनी, १७ नोव्हेंबरला, कालवा उघडला.

बोटीवर ४० हजार पौंडांचं नाणं होतं, तांब्याचे पत्रे होते, टपाल होतं, आणि दारूच्या बाटल्या. नाणं त्याच वर्षी बरंचसं वर काढलं गेलं. बाटल्या मागे राहिल्या, आणि पाणबुड्यांनी बोटीला दारूचं जहाज असं नाव दिलं. त्या बाटल्या त्याच पाणबुड्यांनी एकेक करून नेल्या. आता लोखंडी फासळ्या आहेत, त्यांच्यावर मऊ प्रवाळ आहे, आणि आत काचमाशांचे थवे.

दारूखाना

मालवाहू जहाजांचा नेहमीचा शेवट भंगारात होतो. मुंबईत दारूखान्याला, गुजरातेत १९८३ पासून अलंगला. भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला कापायला घेतात, काही महिन्यांत सळया आणि पत्रे. जे जहाज वीस-पंचवीस वर्षं इमाने चाललं, माल पोचवला, माणसं घरी आणली, त्याचं काही उरत नाही. सिंदिया कंपनीची 'जल'ने सुरू होणाऱ्या नावांची जहाजं मुंबईच्या धक्क्यावर ज्यांनी बघितली, त्यांना आज ती कुठे जाऊन बघता येणार नाहीत. 'डोरा'च्या पिढीतली बहुतेक जहाजं तशीच कापली गेली. 'डोरा' बघता येते, कारण ती खडकावर गेली.

सीडीसी

रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत आजोबांची सीडीसी अजून ट्रंकेत आहे. खलाशाची ती नोंदवही: पानापानावर जहाजाचं नाव, त्याचा अधिकृत क्रमांक, नोंदणीचं बंदर, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, कप्तानाची सही आणि शिक्का. वही निरुपयोगी म्हणून ती रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी जाते. जहाजाचं नाव पुढे तीनदा बदललेलं असलं तरी त्या क्रमांकावरून रजिस्टरमधला धागा हाती लागतो आणि ते कुठे विकलं, कुठे कापलं किंवा कुठल्या खडकाशी पडलं आहे तिथवर जाता येतं. शाई फिकी होत चालली आहे. नाव, क्रमांक आणि दोन तारखा एवढं उतरवून घेतलं तरी पुरे. बाकीचं रजिस्टरमध्ये आहे.