टाचणवहीची मागची पाने

टाचणवहीत उद्या काय शिकवायचे ते लिहायचे असते. आज वर्गात काय झाले, यासाठी तिच्यात रकाना नाही. कळंबजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाल्यापासून मी ते वहीच्या मागच्या पानांवर लिहीत आले आहे. शाळा दोनशिक्षकी. मुले बहुतेक ठाकूर आणि कातकरी घरांतली. शाळा सुटल्यावर नेरळची रिक्षा मिळेपर्यंत चार ओळी सहज होतात. मुलांनी काय केले, काय विचारले, कुठे अडली, एवढेच लिहायचे. ‘पाठ चांगला झाला’ असले शेरे लिहायचे नाहीत, कारण त्यातून दुसऱ्या दिवशी काहीच हाती लागत नाही.

तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. 52 वजा 27 चे उत्तर बऱ्याच मुलांनी 35 काढले. एरवी अशा वेळी ‘अजून सराव हवा’ म्हणून आपण फळ्यावर आणखी गणिते घालतो. त्या दिवशी मी मुलांची चुकलेली उत्तरे जशीच्या तशी उतरवून घेतली. 61 वजा 38, उत्तर 37. 43 वजा 19, उत्तर 36. एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आले की यात धांदरटपणा कुठेच नाही. मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे त्यांना पहिलीत शाळेनेच सांगितले होते आणि ती ते इमानाने पाळत होती. अशा मुलांना सराव वाढवून दिला असता तर तोच नियम आणखी पक्का झाला असता.

दुसऱ्या दिवशी गणिते बाजूला ठेवली आणि कारवीच्या काड्या आणल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. एका मुलीला म्हटले, यातल्या सत्तावीस मला दे. तिने दोन जुड्या दिल्या, सुट्या दोन दिल्या आणि थांबली. थोड्या वेळाने विचारले, “बाई, जुडी सोडू का?” हातचा म्हणजे काय, ते त्या प्रश्नात सगळे आले होते. तरी काम तिथे संपले नाही. काड्यांनी बरोबर करणारी मुले वहीत पुन्हा 35 लिहीत होती, ही नोंदही मागच्या पानावर आहे. मग अंकांच्या शेजारी जुड्यांची चित्रे काढायला लावली. त्यानंतर हळूहळू बसले, तेही सगळ्यांना एकदम नाही.

दुसरी गोष्ट सहकारी गुरुजींमुळे कळली. मी शिकवत असताना ते मागे बसले आणि मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या नावापुढे खूण करत गेले. खुणा सगळ्या फळ्याजवळच्या मुलांपुढे जमल्या. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन परतलेल्या मुलांपुढे जवळजवळ नव्हत्याच. तेव्हापासून प्रश्न विचारला की आधी शेजारच्याशी बोलायचे, तेही घरच्या बोलीत, आणि मग वर्गात सांगायचे, असे ठरवले. हजाराची संख्या चालू असताना भट्टीवरून परतलेल्यांतलाच एक मुलगा उभा राहिला. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे मिळते, म्हणून थप्पी कशी लावतात आणि हजार कसे मोजतात, ते त्याने सांगितले. पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्याचा हजार खरा होता. या मुलांचे ‘मागे पडणे’ आपण फार सहज बोलून जातो, याचा मला मनापासून राग येतो.

यात नवीन काही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला हेच केले. मुले शाळेत येत नाहीत, तर त्यांना बोल न लावता त्यांनी आपल्या शाळेकडे पाहिले. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. डोनाल्ड शॉन या अमेरिकन विचारवंताने 1983 सालच्या पुस्तकात वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ अशा व्यावसायिकांची कामे तपासली. काम करता करता आणि नंतरही त्यावर विचार केल्याने कसब वाढते, असे त्याने मांडले. ते वाचताना मला कोसबाडच आठवत होते.

मागच्या पानांवरच्या नोंदीही कधी तपासणीच्या होतील, याची मात्र भीती वाटते. 2010 नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उत्तम होती, पण नोंदी तपासल्या जाऊ लागल्या आणि तयार वाक्यांच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. तपासणीसाठी लिहिणारा माणूस ‘35 उत्तर आले’ असे लिहीत नाही, ‘विद्यार्थी उत्साहाने सहभागी होतो’ असे लिहितो.

म्हणून केंद्रप्रमुखांना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. अशा नोंदींसाठी चिंतनवहीचा नमुना काढू नका, तिच्यावर सही मागू नका. त्याऐवजी महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास मोकळा द्या. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातले एक चुकलेले उत्तर आणावे आणि ते मूल असे का म्हणाले असेल, यावर सगळ्यांनी मिळून बोलावे.