पहिले साठ फूट

आमच्या घराण्यात घाईने उठून कोणी कुठे गेल्याचे उदाहरण नाही. लग्नाला निघालो तरी अक्षता पडून गेल्यावर पोहोचायचे, ही आमची रीत. अशा घरातल्या माझ्या भाचीने, जिथे सगळा खेळ झटकन सुटण्याचा, अशा शर्यतीत उतरावे ही दैवाची थट्टाच नव्हे का?

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे मला तिनेच समजावून सांगितले. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि सरळ पाव मैल, म्हणजे १३२० फूट, आधी पार करील तो जिंकला. वळण नाही, घाट नाही. खेळ अमेरिकेतला. तिथे १९५१ साली वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने त्याची संघटना उभारली, आणि १९६३ पासून निशाणवाल्याच्या जागी दिव्यांचा खांब आला. त्याला ते लोक ख्रिसमसचे झाड म्हणतात. आपल्याकडे जन्मला असता तर त्याला दीपमाळ म्हटले असते.

एक नियम मात्र मला फार आवडला. गाडीला लागलेला वेळ मोजणारे घड्याळ दिवा हिरवा झाल्यावर नव्हे, तर चाक रेषेवरून हलल्यावर सुरू होते. म्हणजे दिव्याखाली डुलकी काढलेला माणूस उत्तम वेळ नोंदवूनही हरू शकतो! आमच्या घराण्याला साजेसा नियम.

तर परवा लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर मी तिच्याबरोबर गेलो. गाडी माझ्या धाकट्या बहिणीची, म्हणजे तिच्या आईची. बहिणीला जाऊन तीन वर्षे झाली. दिवाळीनंतर गाडी विकायचे भावजींनी ठरवले आहे. गिऱ्हाईकही मिळाले आहे. पोर काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "मामा, एकदा पळवू दे."

पहिल्या खेपेला तिने इंजिन पाच हजार फेऱ्यांवर गरगरवले आणि क्लचवरून पाय एकदम काढला. पुढची चाके जागच्या जागी फिरली, रबर जळल्याचा वास आला आणि शेजारची गाडी दिसेनाशी झाली. दुसऱ्या खेपेला ती इतकी बिचकली की इंजिनाने दम टाकला. पहिल्या साठ फुटांना २.८ सेकंद! तिथे एक दशांश गमावला, तर शेवटी तो दीड-दोन दशांश होऊन अंगावर येतो, असे ही मंडळी मानतात. त्यात गाडी सुटताना भार मागे झुकतो. हिची ओढ पुढच्या चाकांना. म्हणजे ज्यांनी जमीन धरायची, नेमकी तीच हलकी होतात.

ती चाकाशेजारी बसून राहिली. मला एकदम खंडाळ्याचा चढ आठवला.

तिच्या आईला जुन्या रस्त्यावर मीच शिकवले होते. हँडब्रेक ओढलेला, डावा पाय हळूहळू वर, इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला, बॉनेट जरासे उचलले, की क्लचने पकडले. पाय तिथेच थांबवायचा. पुढे ती माझ्यापेक्षा सरस झाली. मागे ही चिमुरडी झोपलेली असे. ती जागी होऊ नये म्हणून बहीण गाडी अशी सोडायची, की भरलेल्या पेल्यातले पाणी हलू नये.

"उठ," मी म्हणालो. "आधी ते जाड बूट काढ."

पातळ तळव्याच्या चपला घालून ती बाजूच्या मोकळ्या जागेत गेली. अ‍ॅक्सिलरेटरला न शिवता, नुसता क्लच सोडून तो पकडतो कुठे, हे पंधरावीस वेळा पाहिले. पुढच्या टायरांतली हवा थोडी उतरवली. मी म्हणालो, "सावकाश नको, पण आईचा पाय जिथे थांबायचा, तिथे तुझाही क्षणभर थांबू दे. पाय पुरता सुटला की मग पेट्रोल."

"ती इथे असती तर मला ओरडली असती."

"ओरडली असती. पण आधी क्लच नीट सोड म्हणाली असती."

तिसऱ्या खेपेला इंजिन तीन हजारांवर स्थिर होते. हिरवा लागला. पाय पटकन त्या जागेपर्यंत आला, तिथे निमिषभर घासला, टायर हलकेच कुंईकुंई करून गप्प झाले आणि गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, कोणी मागून हात लावून पुढे सारावी तशी! साठ फूट २.४ सेकंदांत. शेजारची गाडी दुप्पट ताकदीची; आम्ही हरलोच. पण वेळेची चिठ्ठी तिने घडी घालून, आईचा चष्मा अजून ज्या खणात आहे, त्या खणात ठेवली.

परतताना मी मागे बसलो. लोणावळ्याला चहाला थांबलो, एवढे आठवते. चहा घेऊन डोळे मिटले. तिथून गाडी सुटली केव्हा, मला कळलेच नाही. जाग आली तेव्हा घरापुढे दिवे लागले होते.